नवरीधोंडा

“हे कुणी केलं?” टिपणीस मॅडमनी विचारलं.

त्या वाटेच्या तोंडाशी उभ्या होत्या, एक हात कमरेवर आणि एक हात सायकलीच्या दांडीवर. त्यांच्या शेजारी आमचे सरपंच विलासतात्या गुलाबी फेटा बांधून, आणि दोघांच्या मागं चहाची किटली घेऊन मी.

“सगळ्या गावानं केलं!” तात्यांनी छाती पुढं काढली. “चार दिस राबतंय गाव. येक दगुड ठेवला न्हाई, मॅडम. आता तुमच्या पावन्यांनी डोळं मिटून सायकली सोडाव्यात. थेट खाली पेठेवाडीत!”

वाट खरंच देखणी झाली होती. तोंडाशी शेणाचा सडा, सड्यावर हौसाकाकूंच्या सुनांनी काढलेली दोन चाकांची रांगोळी. पुढं उतारावर सपाट पायऱ्या आणि पायऱ्यांच्या कडेनं चुन्याचा पट्टा. पावसाच्या पाण्यानं जिथं घळी पडल्या होत्या तिथं मुरूम टाकून चोपून बसवलेला. नवरदेवाची घोडी न्यावी अशी वाट.

मॅडम त्या चुन्याच्या पट्ट्यावर मटकन बसल्या. त्यांच्या काळ्या चड्डीला पांढरा पट्टा उमटला, पण कुणाला हसायचा धीर झाला नाही.

“तात्या,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मी तुम्हाला सांगितलं होतं ना, वाटेला हात लावू नका म्हणून? आहे तशीच राहू दे म्हणून?”

“सांगितलं व्हतं की.”

“मग?”

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मी किटलीकडं बघितलं.

“आवो मॅडम, पावना असंच म्हनतो,” तात्या म्हणाले. “म्हनून काय आपन ऐकायचं असतं व्हय?”

इथंच सगळा घोळ झाला होता. आमच्याकडं पाहुणा दारात चपला काढता काढता म्हणतो, ‘काही करू नका हं, आत्ताच जेवून आलोय.’ हे वाक्य कानावर पडलं की आतली बाई डाळ शिजायला टाकते. तो नको नको म्हणेल तसा तिचा हात सैल सुटतो. मॅडम म्हणाल्या होत्या, ‘वाटेला हात लावू नका’. त्यावरून गावाला एवढंच समजलं की बाई मोठ्या मनाची आहे आणि आता वाट झकास केली पाहिजे.

आमचं कारवीमाळ जावळीच्या डोंगरात, पठारावर. डांबरी रस्ता मागच्या अंगानं लांबचा वळसा घेऊन येतो. पायी जायचं तर खिंडीतून पेठेवाडीपर्यंत ही एकच जुनी वाट, जेमतेम माणूसभर रुंद, एका बाजूला दरी, पायाखाली दगडगोटे आणि उघडी पडलेली मुळं. बाजार खाली, दवाखाना खाली, मुंबईची एसटीही खालूनच सुटायची. गावात राहायचो आम्ही बायका, म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. बाप्ये सगळे वाशीच्या बाजारात माथाडी. दिवसभर पोती उचलायची, रात्री एका खोलीत दाटीवाटीनं झोपायचं, आणि गणपतीला, जत्रेला गावी यायचं. काहीजण बायकापोरांसकट गेलेले, त्यांच्या घरांना कुलपं. आमचे हे, आनंदा धनावडे, बाजारातले चांगले नावाजलेले गडी होते. त्यांच्या पाठीवर दोन पोती सहज बसायची. फक्त ती पाठ मला वर्षातून दोनदा दिसायची, एकदा गणपतीनंतर जाताना आणि एकदा जत्रेनंतर.

एकदा गणपती उरकून ते बॅग भरत होते तेव्हा मी धीर करून म्हटलं होतं, “ऱ्हावा की आता हितंच.”

“ऱ्हाऊन खायचं काय? दगडं?” ते म्हणाले.

रागानं नाही, हसत म्हणाले. पण त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

मग एका हिवाळ्यात टिपणीस मॅडम ह्या वाटेनं सायकलवरून उतरल्या. मी बाजार करून, डोक्यावर पाटी घेऊन वर येत होते. समोरून ही बाई दगडावरून उडाली, कारवीच्या झुडपात जाऊन पडली, उठली, आणि गुडघ्यातून रक्त गळत असताना हसत मला म्हणाली, “ताई, काय वाट आहे हो तुमची! सोनं आहे, सोनं!”

मला वाटलं, डोक्याला मार लागला. मी तिला पाणी पाजलं.

पण बाई पूर्ण शुद्धीत होती. डोंगरातल्या सायकलींची मोठी स्पर्धा भरवणाऱ्यांपैकी ती होती. देशभरातले खेळाडू येणार, काही परदेशातले, त्यांच्याबरोबरची माणसं आणि बघे वेगळेच. पुण्यामुंबईचं हॉटेल इथं आणायचं नाही, मुक्काम तुमच्या घरांत आणि जेवण तुमच्या हातचं, असं मॅडमनी ग्रामसभेत सांगितलं. बायकांचा बचत गट मी चालवत होते. रांधायचं आणि उतरवून घ्यायचं आम्ही अंगावर घेतलं. मुंबईकरांना फोन गेले, बंद घरांची कुलपं निघाली, भिंतींना चुना लागला, संडास झाले. जत्रेला येत नव्हते तेवढे लोक गावात आले. माझ्या मनात मात्र एकच होतं. ही स्पर्धा नीट पार पडली, दरवर्षी इथंच व्हायला लागली, तर ह्यांच्यापाशी तो जुना विषय पुन्हा काढता येईल.

आता एवढे बाप्ये गावी आले म्हटल्यावर स्वस्थ थोडेच बसणार? पूर्वी जननीची पालखी ह्या वाटेनं खाली नदीवर जायची. पालखीचे भोई अनवाणी, म्हणून जत्रेआधी प्रत्येक घरानं वाटेचा आपापला तुकडा साफ करायचा अशी रीत होती. कुणाचा तुकडा कोणत्या झाडापासून कोणत्या खडकापर्यंत, हे आज्यापणज्यापासून ठरलेलं. रस्ता झाला, देवी टेंपोनं जायला लागली आणि वाट मागं पडली. आता पाहुणे येणार म्हटल्यावर सगळ्यांना आपापला तुकडा आठवला. देवीसाठी करत होते तेच पाहुण्यांसाठी केलं. ह्यात चुकलं काय, हे त्या सकाळी कुणालाच कळेना.

“लोक ह्या दगडांसाठी येणार होते,” मॅडम म्हणाल्या.

“दगडांसाठी?” तात्यांनी फेटा मागं सरकवला.

“वाट जितकी अवघड, तितकी स्पर्धा मोठी. उद्या दुपारी पंच येणार आहेत, कुरियन साहेब म्हणून. मी पाठवलेल्या व्हिडिओशी ताडून वाट बघतील. नाही जुळली तर स्पर्धा दुसऱ्या डोंगरावर नेतील. तिथली वाट त्यांनी हाताशी ठेवलेलीच आहे.” मग एकदम काहीतरी आठवून त्या उठल्या. “आणि तो मोठा धोंडा? आंब्याच्या वळणावरचा? सगळ्यात मोठी उडी तिथूनच घ्यायची आहे. तो तरी आहे ना?”

गर्दीतून आमचे हे पुढं आले.

“त्यो म्या काढला,” ते म्हणाले. आवाज इतका खूश होता की मला तिथून पळून जावंसं वाटलं. “चौघांनी पहारी लावल्या आन् दिला वड्यात लोटून. पुन्यांदा कुनाच्या पायाला लागायचा न्हाई.”

असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं. का बघितलं ते मला कळलं. मी किटली खाली ठेवली.

शेवटी आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, काठी टेकत पुढं आल्या.

“मग ठेवा की परत,” त्या म्हणाल्या. “दगडंच हायती. पाखरं न्हाईत उडून जायला.”

त्यानंतर जो गोंधळ सुरू झाला तो बघायला कुरियन साहेब एक दिवस आधी यायला हवे होते. जो तो आपापल्या तुकड्यावर धावला. दगड कुणी दूर नेले नव्हते, वाटेच्या कडेलाच रचून ठेवले होते. पण कोणता कुठला, ह्यावरून जुंपली. चार दिवसांपूर्वी हद्दीवरचा दगड ‘तुमचा, तुमचा’ म्हणून एकमेकांच्या अंगावर ढकलणारे लोक आता त्याच दगडासाठी हमरीतुमरीवर आले.

“ह्यो आमचा हाय!” हौसाकाकू एका काळ्या दगडावर बसूनच राहिल्या. “ह्याच्यावर पडून माज्या सासऱ्याचा दात पडला व्हता. इचारा कुनाला बी!”

“दात पडला त्यो पलीकडचा,” शेजारचे पांडाआबा म्हणाले. “ह्याच्यावर माजी दुधाची किटली सांडली व्हती.”

मॅडम फोनमधला व्हिडिओ घेऊन इकडून तिकडं पळत होत्या. थोड्या वेळानं त्यांनी फोन खिशात घातला. गावाला प्रत्येक दगड ओळखीचा होता. कारण प्रत्येकावर कुणी ना कुणी आपटलं होतं. ‘अंडी फुटली तो’, ‘मास्तर घसरले तो’, ‘वरातीत बँडवाला पडला तो’, अशी नावं घेत दगड जागेवर जात होते. पायऱ्या उपसल्या. मुरूम काढून घळी पुन्हा मोकळ्या केल्या. सड्यावरची रांगोळी फावड्यानं उडवताना हौसाकाकूंची धाकटी सून तेवढी हिरमुसली. मॅडमनी तिला सांगितलं, “अंगणात काढ, मी सगळ्यांना फोटो काढायला पाठवते.”

आमचे हे मला कुठं दिसेनात. मी खाली ओढ्याकडं गेले. ते धोंड्याशेजारी बसले होते, पाण्यात खडे टाकत.

त्या धोंड्याला गावात नवरीधोंडा म्हणतात. पेठेवाडीच्या बाजूनं वर येताना आंब्याच्या वळणावर तो आडवा बसलेला, आणि खालच्या अंगाला त्याचा एक ओठ पुढं आलेला. चढताना माणूस धापा टाकत असतो, नजर वर असते, आणि पायाचा अंगठा नेमका त्या ओठावर. नवी नवरी तर हमखास. मीसुद्धा. वरात चालत वर येत होती, माझ्या पायात नवीन चप्पल, आणि मी अशी ठेचकाळले की नखच उचकटलं. आमचे हे, मुंडावळ्या बांधलेले, सगळ्या वऱ्हाडासमोर खाली बसले आणि स्वतःच्या रुमालानं माझा अंगठा बांधला. लोक खो खो हसले. ते मान वर न करता पुटपुटले, “ह्यो धोंडा मी काढून टाकीन.” ते आमचं एकमेकांशी पहिलं बोलणं.

पुढं मी बाजाराची पाटी घेऊन त्या वाटेनं किती वेळा आले आणि किती वेळा ठेचकाळले, त्याला गणती नाही. दर वेळी कळ मस्तकात जायची आणि दर वेळी वाशीतल्या माणसाची आठवण यायची. आणि आता इतक्या वर्षांनी त्या माणसानं बोललेलं खरं केलं होतं.

“म्या तुझ्यासाठी काढला,” ते म्हणाले.

“ठावं हाय मला.”

“आन् आता मीच उचलून परत ठिवू?”

“व्हय.”

ते माझ्याकडं बघत राहिले. मी हसून बोलले. “तुमी म्हनला व्हता, ऱ्हाऊन खायचं काय, दगडं? मंग आना की त्यो. शिजतोय का बघू एकदा.”

ते उठले आणि खिंडीच्या दिशेनं जोरात शीळ घातली.

मग मी जे बघितलं ते वाशीच्या बाजारात रोज होत असेल, पण आम्ही बायकांनी कधी बघितलं नव्हतं. मुंबईहून आलेले सगळे गडी खाली उतरले. जाड दोर आले, वासे आले. ह्यांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला, दोर कुठं बांधायचा, कुणी कोणत्या बाजूला लागायचं, एकेकाला नावानं सांगितलं, आणि आरोळी दिली. बाकीच्यांनी ती उचलली. “हैश्शा!” धोंडा ओढ्यातून उठला. ती चढण मोकळ्या हातानं चढताना आम्हाला दम लागतो. ती माणसं टप्प्याटप्प्यानं, मधे दगड लावून, पुन्हा आरोळी देऊन त्याला वर आणत होती. बायका वाटेच्या कडेला उभ्या राहून बघत होत्या. आपला नवरा मुंबईत काय करतो, हे गावातल्या निम्म्या बायकांना त्या दिवशी समजलं. हौसाकाकूंनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच “धूळ लई हाय” म्हणाल्या.

धोंडा वळणावर आला, पण अडचण पुढंच होती. पहारींनी उकरून तिथं हौदाएवढा खड्डा झाला होता. त्यात तो कुठंही बसला असता.

“इथं नेमकं लागतं,” मॅडम म्हणाल्या. “वीतभर इकडंतिकडं झालं तर उडी घेतलेला माणूस दरीकडं फेकला जाईल. व्हिडिओत उंची कळते, जागा कळत नाही.”

“ह्या झाडाच्या सरळ रेषेत व्हता,” तात्या म्हणाले.

“न्हाई, अलीकडं,” पांडाआबा म्हणाले.

पुन्हा जुंपणार एवढ्यात आत्याबाईंनी काठी आपटली. “भांडताय कशापायी? वैजयंताला चालवा की. तिच्या अंगठ्याला जागा म्हाईत हाय.”

सगळे माझ्याकडं वळले. मी लाजून लाल. पण म्हातारीचं खरं होतं. डोक्यावर पाटी घेऊन मी त्या वाटेनं बघून कधी चालतच नव्हते. पाय आपले आपण पडायचे. कुणीतरी पाटी आणली, तिच्यात बाजाराएवढं वजन म्हणून दोन दगड टाकले, आणि मी खालच्या वळणापासून निघाले, रोजच्यासारखी, नजर वर.

वर पोचले. काही लागलं नाही.

“खाली घ्या!” तात्या ओरडले. “हैश्शा!” धोंडा सरकला.

मी पुन्हा खाली गेले, पुन्हा चढले. पदर धोंड्याला घासला, अंगठा मोकळा.

“आनखी जरा दरीच्या अंगाला,” मी म्हटलं.

पुन्हा पहारी, पुन्हा आरोळी. ऊन उतरायला लागलं होतं. सगळं गाव दोन्ही बाजूंना श्वास रोखून उभं, आणि मी पाटी घेऊन चढतेय, ठेच लागावी म्हणून. वळण आलं. मी नेहमीसारखा उजवा पाय टाकला.

“आई गंऽऽ!”

अशी कळ गेली की पाटी खाली पडली. आणि गावानं जो जल्लोष केला! तात्यांनी फेटा उडवला, मॅडमनी आत्याबाईंना उचलून धरलं, कुणीतरी हलगी वाजवायला लागलं. मी नवरीधोंड्यावर बसून अंगठा धरून रडत होते. सगळ्यांना वाटलं, लई लागलं. आमचे हे तेवढे गर्दीतून आले, खाली बसले आणि डोक्याचा टॉवेल सोडून त्याच्या टोकानं माझा अंगठा बांधायला लागले.

“ह्या खेपेला काय बोलू नगा,” मी म्हटलं.

“न्हाई बोलत,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कुरियन साहेब आले. उंच, पांढऱ्या मिशांचे, एका हातात टॅब, आणि पायात सँडल. सबंध वाट ते खालून वर चालत आले, दर चार पावलांवर थांबून टॅबकडं बघत, जमिनीकडं बघत. गाव लांबून मागं मागं. तात्या तोंडातल्या तोंडात जननीचा धावा करत होते. आंब्याच्या वळणावर साहेबांनी टॅबवरून नजर उचलून वर बघितलं, पुढचं पाऊल टाकलं, आणि त्यांच्या भाषेत एक मोठी आरोळी ठोकली. मग एका पायावर नाचत धोंड्यावर बसले.

“बराबर बसलाय,” आत्याबाई म्हणाल्या.

मॅडमनी त्याचं इंग्रजी करून सांगितलं का नाही कुणास ठाऊक, पण साहेब अंगठा चोळता चोळता हसायला लागले आणि त्यांनी टॅबवर बोट टेकवलं. वाट पास झाली.

स्पर्धेचा दिवस म्हणजे नुसती धमाल. हेल्मेटवाली पोरं-पोरी नवरीधोंड्यावरून उडायची आणि कडेला बसलेलं गाव प्रत्येकाला “हैश्शा!” म्हणायचं. काही उडाले, काही कारवीत पडले. हौसाकाकू पडलेल्या प्रत्येकाला गूळपाणी घेऊन धावत सुटल्या; एका परदेशी पोराला त्यांनी चालू शर्यतीत थांबवून पाणी पाजलं, तेव्हा मॅडमनी दुरून हात जोडले. संध्याकाळी पंगतीत त्या पोरानं भाकरीची चळत संपवली आणि हौसाकाकूंना ‘आई’ म्हटलं. शिकवलं कुणी ते कळलं नाही.

आज अकरा वर्षं झाली. स्पर्धा दर हिवाळ्यात होते, आणि मधल्या दिवसांतही सरावाला, शिकायला माणसं येत राहतात. गावात सायकल दुरुस्तीची दोन दुकानं आहेत. बंद पडायला टेकलेल्या शाळेला नवीन खोली बांधावी लागली. सगळी कुलपं निघाली असं नाही, पण आता कुलूप दिसलं की लोक विचारतात, ‘ह्यांचं काय झालं?’ पूर्वी उघडं घर दिसलं की विचारायचे.

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या स्पर्धेनंतरच्या सोमवारचं.

आदल्या दिवशी निघताना मॅडमनी ह्यांना बाजूला घेतलं होतं. पावसात दगड सरकतात, मुळं उघडी पडतात. ही वाट आहे तशी राखायला बारमाही माणूस पाहिजे. पगार मिळेल, वाशीएवढा नसेल, पण मिळेल. हे नुसते “बघतो” म्हणाले. घरी आल्यावर बॅग भरली. मी विचारलं नाही. म्हटलं, इतक्या वर्षांची सवय आहे. पोती उचलणाऱ्या माणसाला दगड राखणं जिवावर येत असेल. मी भाकरी, ठेचा आणि दाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली, नेहमीसारखी.

सकाळी आम्ही दोघं वाटेनं खाली निघालो. एसटीपर्यंत मी दर वेळी पोचवायला जाते. ते पुढं, खांद्याला बॅग, आणि मी मागं. पुन्हा तीच पाठ. पेठेवाडीच्या थांब्यावर एसटी उभी असलेली वरून दिसत होती.

आंब्याचं वळण आलं. उतरणाऱ्याला नवरीधोंडा कधी लागत नाही. त्याचा ओठ खालच्या अंगाला, चढणाऱ्याच्या बाजूनं. वरून येणारा त्याला वळसा घालून सरळ निघून जातो. हेही वळसा घालून पुढं गेले. दोन पावलं गेले, थांबले, मागं वळले, एक पाय उचलून त्या ओठावर चांगला नेम धरून मारला, आणि मोठ्यांदा ओरडले, “आई गंऽऽ!”

मी बघतच राहिले.

“ठेच लागली,” ते म्हणाले. चेहरा अगदी सरळ.

आमच्याकडं प्रवासाला निघताना ठेच लागली तर तसंच पुढं जात नाहीत. थोडं बसायचं, पाणी प्यायचं आणि मग निघायचं. नाहीतर प्रवास लाभत नाही.

“मग बसा की थोडं,” मी म्हटलं.

ते धोंड्यावर बसले. बॅग खाली ठेवली. मी शेजारी बसले. खालून एसटीचा हॉर्न वाजला, एकदा आणि मग पुन्हा एकदा लांबलचक. त्यांनी मान वळवून तिकडं बघितलंसुद्धा नाही.

“भूक लागली,” ते म्हणाले.

मी फडकं सोडलं, आणि आम्ही दोघांनी त्या दगडावर बसून भाकरी खाल्ली.